गिरगांवांतील भाड्याचें बिऱ्हाड

या महोत्सवी अंकासाठीं आपल्या पॅरिशमधील जुन्या घराण्यांविषयीं कांहीं लिहावें अशी संपादकांची सूचना आली, तेव्हां प्रस्तुत लेखकास थोडा संकोच वाटला. ज्यांचीं स्वतःचीं घरें होतीं त्यांच्या घराण्यांचा इतिहास दारावरील पाटीवर आणि स्मशानांतील संगमरवरी फरशीवर कोरलेला सांपडतो. आमचें घराणें मात्र तीन पिढ्या भाड्यानें राहिलेलें. आमचा इतिहास काय तो एका पत्र्याच्या पेटींत आहे. त्या पेटींत आजोबा-आजींच्या विवाहाचा दाखला आहे, आम्हां भावंडांचे बाप्तिस्म्याचे दाखले आहेत, आणि त्यांच्याखालीं सुतळीनें बांधलेला भाडेपावत्यांचा गठ्ठा आहे. आई या पावत्या दाखल्यांहूनहि अधिक जपे. दाखला हरवला तर पाद्रीसाहेब नोंदवही पाहून दुसरा लिहून देतील, पण पावती हरवली तर घर जाईल, असें ती म्हणे. आणि त्या काळच्या कायद्याप्रमाणें तिचें म्हणणें फारसें चुकीचें नव्हतें.

गेल्या वर्षीं या पेटींत एका नव्या कागदाची भर पडली. माझ्या पुतणीनें लग्नानंतर खोताच्या वाडीच्या शेजारीं एका जुन्या घराचा वरचा मजला भाड्यानें घेतला. मालकानें त्या मजल्याची डागडुजी करून, त्यास नवें रूप देऊन, दिवाणखाना, एक शेजघर, स्वयंपाकघर व न्हाणीघर असा स्वतंत्र ब्लॉक तयार केला आहे. करारनाम्याची एक प्रत तिनें घरच्या रिवाजाप्रमाणें माझ्याकडे ठेवावयास दिली. आजोबांची पावती व पुतणीचा करारनामा हे दोन कागद मीं शेजारीं ठेवून पाहिले. दोन्ही घरें एकाच मोहल्ल्यांतलीं, दोन्ही बिऱ्हाडें वरच्या मजल्यावरचीं. परंतु या दोन कागदांच्या मधल्या काळांत आपल्या वाड्यांचें सारें दैव घडलें आणि बिघडलें.

भाडेकरू म्हणजे उपरा, असा एक समज आपल्यांत आहे. घरवाल्यांच्या बोलण्यांतून तो मीं लहानपणापासून ऐकला. परंतु इतिहासाकडे पाहतां ज्या मुंबई बेटावर आपण राहतों तें बेटच मुळीं भाड्यानें दिलें-घेतलें गेलेलें आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास पोर्तुगालच्या राजानें हें बेट गार्सिया द ओर्ता नांवाच्या वैद्यास वार्षिक खंडानें लावून दिलें होतें. १५६३ सालीं गोव्यांत छापलेला औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ याच वैद्याचा. पुढें १६६१ च्या विवाहकरारानें बेट इंग्लंडच्या राजाकडे गेलें आणि १६६८ सालीं दुसऱ्या चार्ल्स राजानें तें ईस्ट इंडिया कंपनीस दिलें. भाडें किती? दर वर्षास सोन्याचे दहा पौंड! मुंबईच्या भाड्याचा विषय निघाला कीं ही गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाहीं. तेव्हां या शहरांत पहिला भाडेकरू कोण, हें घरवाल्यांनीं एकदां विचारांत घ्यावें.

आपल्या गिरगांवाचीं नांवेंहि हीच साक्ष देतात. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, तसेंच बोरभाट, मुगभाट. वाडी म्हणजे मूळची बाग. नारळी-पोफळीची, फळझाडांची, भाजीपाल्याची. इंग्रजी दप्तरांत त्यांना पोर्तुगीज शब्दावरून ऊर्त म्हणत. खोताच्या वाडीची कथाहि अशीच. खोत म्हणजे सरकारी सारा वसूल करण्याचा मक्ता घेणारा. त्या आडनांवाच्या एका पाठारे प्रभू गृहस्थांची ही जमीन. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनीं ती तुकड्या-तुकड्यांनीं येथल्या ख्रिस्ती कुटुंबांस विकली, आणि त्या कुटुंबांनीं झाडांच्या मधून आपलीं घरें बांधलीं. म्हणूनच वाडींतील वाटा सरळ नाहींत. त्या आधीं झाडें चुकवीत गेल्या असाव्यात, मग घरें चुकवूं लागल्या.

हीं कुटुंबें तेव्हां स्वतःस ईस्ट इंडियन म्हणवीत नव्हतीं. गोव्याकडून व मंगळूराकडून ख्रिस्ती लोक नोकरीधंद्यास मुंबईस येऊं लागले, तेव्हां आपण मूळचे येथले, हें दाखविण्याची निकड त्यांना वाटूं लागली. १८८७ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा सुवर्णमहोत्सव झाला, त्याच वर्षीं बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना होऊन हें नांव रूढ झालें. जमातीचें नांवच एका ज्युबिलीच्या वर्षीं पक्कें झालें, हें या अंकाच्या वाचकांस गमतीचें वाटेल.

आतां घरांविषयीं. या जुन्या घरांची बांधणी पोर्तुगीज वळणाची: पुढें उघडा व्हरांडा, मागें परसू, लांकडी खांब व तुळया, चुन्याच्या भिंती, वर कौलें. मंगळुरी कौलें आपल्याला फार प्राचीन वाटतात, पण बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ सालचा आहे. त्याच्या आधींचीं घरें साध्या देशी नळीच्या कौलांचीं असत. पण माझ्या मतें या घरांतील सर्वांत महत्त्वाची वस्तु म्हणजे बाहेरून वर जाणारा लांकडी जिना. चित्रकार त्याचीं चित्रें काढतात, पाहुणे त्याच्यापुढें उभे राहून छायाचित्रें घेतात; तो तेथें कां आहे हें मात्र कोणी विचारीत नाहीं. मूळ हेतु वरच्या शेजघरांत परस्पर जातां यावें एवढाच असेल. परंतु जिना बाहेरून असल्यामुळें वरचा मजला खालच्या घरापासून आपोआप वेगळा झाला. खालच्या दिवाणखान्यांत पाऊल न टाकतां वरचा मनुष्य आपल्या बिऱ्हाडीं जाऊं शके. मालकीण विधवा झाली, मुलगा आफ्रिकेस गेला, पैशाची नड पडली कीं वरचा मजला भाड्यानें द्यावा; भिंत पाडावयास नको, दार फोडावयास नको. वाडींत मालकाच्या डोक्यावर भाडेकरू राहतो, ही आमच्याकडची जुनी थट्टा या जिन्यामुळेंच शक्य झाली.

भाडेकरू वाढले ते मुख्यतः प्लेगानंतर. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत प्लेगाचे पहिले रोगी ओळखले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं. हे गोव्याचे कॅथोलिक. पुढें मुंबई म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष झाले. मेट्रो सिनेमाजवळचा त्यांचा पुतळा आपल्यांतील बहुतेकांनीं जातां-येतां पाहिला असेल. प्लेगानें शहराच्या दाटीचें स्वरूप उघडें पाडलें आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टानें जुन्या वस्त्या फोडून रुंद रस्ते काढले. ज्यांचीं घरें गेलीं त्यांना कोठें तरी राहणें भाग होतें, आणि गिरगांवच्या चाळी व वाड्या भरून निघाल्या. ज्यांना ऐपत होती अशीं आपलीं कांहीं कुटुंबें वांद्र्याच्या मोकळ्या हवेकडे गेलीं. त्यांच्या मागें रिकाम्या झालेल्या खोल्यांत नवीं बिऱ्हाडें आलीं.

धोबीतलावाकडे याच सुमारास भाड्याची एक निराळीच पद्धत बहरली होती. गोव्याच्या गांवोगांवच्या लोकांनीं आपापल्या गांवाच्या नांवें क्लब काढले होते. त्यांस ते कूड म्हणतात. आगबोटीवरील खलाशी, खानसामे, वाजंत्री असे लोक महिन्याचें अल्प भाडें देऊन तेथें राहत. प्रत्येकाच्या मालकीची जागा म्हणजे त्याच्या ट्रंकेपुरती! भिंतीस वेदी, संध्याकाळीं सर्वांनीं मिळून रोझरी म्हणावयाची, आणि बोट लागली कीं ट्रंक कोपऱ्यांत ठेवून निघावयाचें. जेर महालांत असे क्लब अद्याप आहेत. एका शेजघराच्या ब्लॉकाला आज आपण लहान म्हणतों. त्या ट्रंकवाल्यांनीं तो पाहिला असता तर त्यांनीं त्यांत अर्धा गांव निजविला असता.

भाड्याच्या जाचांतून सुटण्याची दुसरीहि एक वाट निघाली होती. शेजारच्या गांवदेवींत १९१५ सालीं सारस्वत मंडळींनीं सहकारी गृहसंस्था काढली आणि १९१८ सालीं वांद्र्यास साल्सेट कॅथोलिक गृहसंस्था उभी राहिली. ज्यांना वर्गणी भरणें शक्य होतें त्यांचें भलें झालें. आजोबा छापखान्यांत खिळे जुळवीत. त्यांना तें शक्य नव्हतें.

पहिल्या महायुद्धांत घरभाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं मुंबईंत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला व दहाएक वर्षांनीं तो संपला. दुसरें महायुद्ध सुरू होतांच १९३९ सालीं पुन्हा निर्बंध आले. शेवटीं १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला, तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलांत आला. या कायद्याचें मर्म एका तारखेंत आहे: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशीं जागेचें जें भाडें असेल तेंच तिचें प्रमाणभूत भाडें. कायदा तात्पुरता म्हणून केला होता. त्याची मुदत पुनः पुन्हा वाढवीत तो अर्ध्या शतकाहून अधिक चालला.

आमच्या गठ्ठ्यांतील पावत्यांवर भाडें अठरा रुपये आहे. दोन खोल्या व एक स्वयंपाकघर, अठरा रुपये. वीस रुपयांपर्यंतच्या पावतीला तेव्हां एक आण्याचें तिकीट लागत नसे, म्हणून आमच्या पावत्यांवर राजाचें डोकें नाहीं याचें मला लहानपणीं वाईट वाटे. शेजारच्या मुलाकडे तिकिटें उकलून जमविलेली वही होती. पुढें म्युनिसिपालिटीचे कर वाढले, दुरुस्तीचा उपकर आला, ते आंकडे खालीं निराळे मांडलेले दिसतात. परंतु वरचा अठराचा आंकडा हलला नाहीं. आजोबा वारले तेव्हां बिऱ्हाड आजीच्या नांवें झालें, मग वडिलांच्या. मयत भाडेकरूबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांस भाडेकरूचा हक्क पोहोंचतो असें कायद्यांतच होतें.

या कायद्यानें काय दिलें तें आधीं सांगितलें पाहिजे. त्यानें आमच्यासारख्या शेंकडों कुटुंबांस उठूं दिलें नाहीं. संप झाला, छापखाना बंद पडला, वडिलांना दोन वर्षें काम नव्हतें. घर मात्र राहिलें. त्याच जिन्यावरून आम्ही शाळेस गेलों, त्याच जिन्यावरून आजीची शवपेटी खालीं आली. वाडी ही वाडी राहिली, म्हणजे जिच्यांत कोणाच्या घरीं ताप आहे हें सर्वांस ठाऊक असतें अशी वस्ती राहिली, ती या कायद्यामुळें. चार पावलांवर केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. तेथल्या मुलांनीं आमच्याकडे नाताळची कुलकुली खाल्ली व आम्ही त्यांच्याकडचे मोदक. हें सौहार्द भाषणांनीं आलेलें नसून तीच तीं कुटुंबें पन्नास-पन्नास वर्षें समोरासमोर राहिल्यानें आलें.

आणि आतां दुसरी बाजू, जी आमच्या घरांत कधीं बोलली गेली नाहीं. खालच्या मजल्यावर आमची मालकीण राहत असे. आम्ही तिला मावशी म्हणत असूं. अठरा रुपयांत तिनें काय करावें? ज्या काळीं आजोबांनीं बिऱ्हाड केलें त्या काळीं अठरा रुपये ही रक्कम होती. मी कॉलेजांत गेलों तेव्हां तेवढ्यांत कौलें चाळणाऱ्या गड्याची एक दिवसाची मजुरी सुटत नव्हती. दर ज्येष्ठांत ती जिन्याच्या पायरीशीं येऊन वडिलांना विचारी, "पाऊस तोंडावर आलाय, कौलांचं निम्मं तुम्ही द्याल का?" आणि वडील, जे अन्यथा सौम्य व देवभीरु, ते उत्तर देत, "दुरुस्ती मालकानं करायची, मावशी. कायद्यांत तसंच आहे." कायद्यांत तसेंच होतें. मागच्या भिंतींत तुळईचें टोंक कुजत होतें तेंहि आम्हांस दिसत होतें. एका पावसाळ्यांत ती भिंत बाहेर झुकली, आम्हांला आठ दिवसांत सामान हलवावें लागलें, आणि पुढें तें घर राहिलें नाहीं. मावशी भाचीकडे गेली. आम्ही दोन गल्ल्या पलीकडे एका इमारतींत आलों. या हकीकतींत मीं कायद्याला दोष देऊं शकतों, पण ती पायरी आठवली कीं देववत नाहीं.

अशा घरांची संख्या थोडी नव्हती. १९६९ सालीं सरकारनें इमारत-दुरुस्ती मंडळाचा कायदा केला व जुन्या इमारतींवर उपकर बसविला, तेव्हां उपकराखालीं आलेल्या इमारती १९,६४२ भरल्या; त्यांपैकीं १६,५०२ या सप्टेंबर १९४० च्या आधींच्या. भाडें ज्या तारखेस गोठलें, इमारतींची मोजदादहि त्याच तारखेनें करावी लागली.

भाडें गोठलें तरी जागेची किंमत गोठत नाहीं. ती दुसऱ्या दारानें आली. तिचें नांव पागडी. बिऱ्हाड सोडणारा येणाऱ्याकडून मोठी रक्कम हातांत घेई व तिच्यांतील हिस्सा, बहुधा तिसरा, मालकास देई. १९४७ च्या कायद्यानें पागडी घेणें हा गुन्हा होता आणि गिरगांवांत तिच्याशिवाय खोली मिळत नव्हती. ती टाळावी म्हणून मालकांनीं भाड्याऐवजीं परवान्यानें, म्हणजे लीव्ह अँड लायसेन्सनें, जागा द्यावयास सुरुवात केली. तेव्हां सरकारनें १९७३ सालीं ठरविलें कीं १ फेब्रुवारी १९७३ रोजीं परवान्यानें राहत असलेले सर्व लोक भाडेकरूच समजले जातील. हेतु चांगला होता. फळ असें झालें कीं मालकांनीं रिकाम्या खोल्यांना कुलुपें ठोकलीं. आमच्या गल्लींत ऐंशीच्या दशकांत अशीं कुलुपें मीं मोजलीं आहेत. आणि त्याच काळांत आमच्या पॅरिशमधील नवविवाहित जोडपीं मीरारोड, वसई, विरार करीत निघालीं होतीं. रिकामीं घरें व बेघर लेंकरें एका गल्लींत नांदलीं, याहून विचित्र प्रकार काय असणार?

शेवटीं १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें हीं गोठलेलीं भाडीं काळाच्या ओघांत अन्यायकारक ठरलीं असा निर्णय दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला व ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचें संरक्षण त्यानें राखलें, भाड्यांत दर वर्षीं शेंकडा चार वाढ करण्याची मालकांस मुभा दिली, पागडीचा गुन्हा काढून टाकला, आणि मुदत संपतांच परवानाधारकाकडून जागा लवकर परत मिळण्याची सोय केली. मुदतीनंतर जो राहील त्याजवर दुप्पट आकार बसतो. कुलुपें निघालीं तीं यानंतर. मालकांनीं भिंतींना गिलावा केला, तुळया रंगविल्या, परसांतले संडास काढून वरच्या मजल्यावर न्हाणीघरें नेलीं, आणि आज ज्यास नूतनीकृत एका शेजघराचा ब्लॉक म्हणून दलाल दाखवितात तो जन्मास आला.

पुतणीच्या करारनाम्याकडे आतां वळूं. त्यावर भाडेकरू हा शब्द कोठेंहि नाहीं. देणारा तो परवानादार, घेणारी ती परवानाधारक. भेद शब्दांचा नव्हे. १८८२ सालीं एकामागून एक असे दोन कायदे झाले: मालमत्ता हस्तांतरणाचा व सुविधाधिकारांचा. पहिल्याप्रमाणें भाडेपट्टा घेणाऱ्यास जागेंत हितसंबंध मिळतो. दुसऱ्याप्रमाणें परवाना घेणाऱ्यास तेथें वावरण्याची केवळ मोकळीक मिळते. जागा त्याची कोणत्याच अर्थानें होत नाहीं. आजोबांचा कागद पहिल्या घराण्यांतला, पुतणीचा दुसऱ्या. आजोबांचा कागद म्हणजे हातभर पावती, तीवर मावशीच्या नवऱ्याची मोडी वळणाची सही. पुतणीचा कागद पंधरा पानी; तो नोंदविणें कायद्यानें आवश्यक आहे आणि न नोंदविल्यास दंड वा कैद मालकास होते. त्यावर मुद्रांकशुल्क एकूण आकाराच्या शेंकडा पाव या दरानें पडतें. नोंदणीसाठीं कचेरींत जावें लागलें नाहीं. एक तरुण मनुष्य यंत्र घेऊन घरीं आला व दोघांचे अंगठे उमटवून गेला. शिकल्या-सवरलेल्यांचे अंगठे घेतलेले पाहून माझ्या वहिनीला फार हंसूं आलें.

पुष्कळ मालक अकरा महिन्यांपलीकडे जात नाहींत. ही जुन्या भीतीची शिल्लक आहे. वस्तुतः असा करार साठ महिन्यांपर्यंत करण्याचा प्रघात आहे, आणि नोंदलेला असला म्हणजे मालकास भिण्याचें कारण उरत नाहीं. पुतणीला पहिल्या तीन ठिकाणीं अकरा महिनेच सांगितले. एका ठिकाणीं तर दलालानें, जागा पाहुण्यांना दिवसावारी दिली तर अधिक सुटतें, असें मालकासमक्षच सांगितलें. चौथ्या मालकानें छत्तीस महिने कबूल केले व दर वर्षाची वाढ आधींच लिहून दिली. हा गृहस्थ आपल्या पॅरिशचा नव्हे. त्याचें नांव मी लिहीत नाहीं, पण त्याचें अभिनंदन करतों.

ज्या तरुणांस अशीं घरें पाहावयाचीं आहेत त्यांच्यासाठीं चार गोष्टी अनुभवाच्या लिहितों. इतिहासाच्या लेखांत त्या शोभतील कीं नाहीं कोण जाणे. घर पावसाळ्यांत पाहावें. उन्हाळ्यांत सर्वच भिंती सुंदर असतात. जुनी भिंत चुन्याची असते; ती ओल पिते आणि उघडीप मिळतांच परत सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा मारला कीं ओल आंत कोंडते, गिलाव्यावर पांढरा क्षार फुलतो व दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे सुटतात. नवा रंग जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतच वेगळा दिसला तर कारण विचारावें. तुळईचें टोंक जेथें भिंतींत शिरतें तेथें काठीनें ठोकून पाहावें. भरीव आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर आंत वाळवी किंवा कूज. खोटें छत लावलेलें असेल तर वरचीं कौलें व वासे पाहूं देण्याविषयीं आग्रह धरावा. सज्जन मालक एक फळी काढून दाखवितो. आणि न्हाणीघर पूर्वीं खालीं परसांत होतें हें विसरूं नये. लांकडी तक्तपोशीवर नव्यानें बसविलेलें न्हाणीघर हें या घरांचें सर्वांत दुखरें अंग आहे, म्हणून तें वरून पाहून भागत नाहीं. खालच्या मजल्यावर जाऊन त्याच्या बरोबर खालचें छत पाहावें. आमची भिंत ज्यानें गेली तें पाणी तर केवळ पावसाचें होतें. येथें तें बारा महिने असतें.

खोताच्या वाडींत एके काळीं अशीं पांसष्ट घरें होतीं असें सांगतात. आज तिशीच्या आंत आहेत. १९९५ च्या वारसा-नियमावलीनें अशा परिसरांकडे लक्ष वेधलें, पुष्कळांनीं लढून घरें राखलीं, याबद्दल त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. परंतु नियमावली घराचा दर्शनी भाग राखूं शकते. वरच्या मजल्यावर कोण राहतो आणि किती दिवस राहतो हें तिच्या हातीं नाहीं. आमच्या काळीं माणसें टिकलीं व घरें कुजलीं. आतां घरें सजूं लागलीं आहेत आणि त्यांतलीं माणसें दर अकरा महिन्यांनीं बदलतात. ज्या जिन्यावरून अकरा महिन्यांत ट्रंका खालीं येतात त्या घरचीं मुलें कोणत्या शाळेंत जाणार, आणि ताप आला तर शेजारीं कोणास ठाऊक होणार? कूडवाला खलाशी निदान बोटीवरून आपल्याच कुडींत परत येई. माझें मत विचाराल तर ज्यांच्या नांवें अशीं घरें आहेत, आणि या अंकाच्या वाचकांत ते बरेच आहेत, त्यांनीं बाजारभावांतला थोडा भाग सोडून तीन किंवा पांच वर्षांचे करार करावे, आणि जे राहतात त्यांनीं कौलांच्या खर्चांत हात घालावा, कायद्यांत तसें असो वा नसो. २०२५ सालीं गिरगांवाखालून भुयारी रेल्वे सुरू झाली. दलाल आतां स्टेशनापासूनचीं पावलें मोजून भाडें सांगतात. तेव्हां हें मत ऐकणारे थोडेच भेटतील, हें मी जाणून आहें.

पुतणीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पहिल्याच श्रावणांत क्षार फुटला. सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करावयाचा ठरला आहे. चुना भिजवून मुरवावा लागतो, म्हणून काम दिवाळीनंतर निघेल. खर्चाचा तिसरा भाग तिनें आपण होऊन देऊं केला आणि मालकानें तो पुढच्या आकारांत वळता करण्याचें कबूल केलें. पैसे ती दरमहा मोबाइलवरून पाठविते, तरी पावती मागून घेते. हल्लीं पांच हजारांवरील पावतीला एक रुपयाचें तिकीट लागतें, तें मालक मुकाट्यानें चिकटवितो. अशा नऊ पावत्या तिनें मागच्या रविवारीं मिस्सानंतर माझ्या हातीं दिल्या. त्या मीं पेटींत, आजोबांच्या गठ्ठ्यावर ठेवल्या आहेत.